सुटीचा वार कुणाचा?



या व्यासपीठावर विद्वानांनी बोलावे असा संकेत आहे. आमची शाळा नववीला सुटली. त्यापुढचे शिक्षण यंत्रमागाच्या खडखडाटात आणि वाचनालयाच्या बाकावर झाले. गेली तीस वर्षे कामगारांच्या संघटनेचे काम करीत आहोत. तेव्हा मोठ्या तत्त्वज्ञानाची अपेक्षा आमच्याकडून करू नये. आपण मात्र या मंडपात संध्याकाळी दोन तास निवांत बसून दुसऱ्याचे म्हणणे ऐकता, ही साधी गोष्ट नव्हे. ज्याला सवड आहे तोच ऐकू शकतो. ही सवड कुठून येते, ती कुणी मिळवून दिली, तिचे आपण काय करतो, आणि ती आपल्या डोळ्यांदेखत कुणाच्या हातून निसटत आहे, एवढ्याच विषयावर आज बोलणार आहोत. विषयाचे नाव 'सुटीचा वार'.

रविवारची सुटी ही सूर्य-चंद्रासारखी आपोआप उगवते असे आपल्याला वाटते. ती तशी उगवलेली नाही. मुंबईत कापडाच्या गिरण्या निघाल्या तेव्हा काम सूर्य उगवताना सुरू होई आणि मावळताना थांबे. उन्हाळ्यात दिवस मोठा, म्हणून काम जास्त. आठवड्याला ठरलेली सुटी नाही. रविवारी यंत्र थांबले तरी ते पुसायला, साफ करायला माणसाने यायचे. १८८१ साली पहिला कारखाना कायदा झाला, पण त्याने संरक्षण दिले ते फक्त मुलांना. सात वर्षांच्या आतील मुलाला कामावर घेऊ नये आणि बारा वर्षांच्या आतील मुलाकडून नऊ तासांपेक्षा अधिक काम घेऊ नये, एवढीच त्याची दया! मोठ्या माणसांच्या तासांबद्दल त्यात काहीच नव्हते.

अशा काळात नारायण मेघाजी लोखंडे उभे राहिले. ते जोतीराव फुल्यांच्या सत्यशोधक समाजाचे कार्यकर्ते. रेल्वेत, टपालखात्यात आणि पुढे गिरणीत भांडारपाल म्हणून त्यांनी नोकरी केली, आणि 'दीनबंधु' पत्र चालवले. १८८४ च्या सप्टेंबरात त्यांनी मुंबईत गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या आणि सुमारे साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचा अर्ज सरकारच्या चौकशी मंडळापुढे ठेवला. मागण्या कोणत्या होत्या? दर रविवारी पूर्ण सुटी, दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती, काम सकाळी साडेसहा ते सूर्यास्त एवढेच, पगार पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत, आणि यंत्रात जखमी झालेल्याला बरा होईपर्यंत पगार. या पाच मागण्यांत पहिले स्थान रविवारचे आहे, पगाराचे नाही. हे आम्ही पहिल्यांदा वाचले तेव्हा आश्चर्य वाटले. पोटाला चिमटा घेऊन जगणाऱ्या माणसाने पैशाआधी दिवस मागितला!

पुढे २४ एप्रिल १८९० रोजी मुंबईत दहा हजार कामगारांची सभा भरली. त्या सभेत दोन कामगार स्त्रियाही बोलल्या. आणि १० जून १८९० रोजी गिरणीमालकांच्या मंडळाने आठवड्याची सुटी मान्य केली. १८९१ च्या कायद्याने तिला सरकारी शिक्का मिळाला. तेव्हा आज आपण घरात लोळत पडतो त्या रविवारामागे सहा वर्षांचा अर्ज, सभा आणि चिकाटी आहे, हे विसरता कामा नये.

आता प्रश्न असा की हा एक दिवस कुणाचा? आमच्या अनुभवाने या दिवसाचे चार वाटेकरी आहेत. पहिले घर, दुसरे मित्र, तिसरे आपले शरीर आणि चौथा समाज. हिशेब थोडा थोडा चौघांकडेही गेला पाहिजे.

पहिल्यांदा घर घेऊ. यंत्रमागावर बारा तासांची पाळी करणारा माणूस रात्रपाळीहून सकाळी येतो तेव्हा मुले शाळेला निघालेली असतात, आणि मुले परत येतात तेव्हा बाप झोपलेला असतो. आई ओठांवर बोट ठेवून सांगते, "हळू बोला, बाबा झोपलेत." अशा घरात मुलांना बाप माहीत असतो तो पाठीवरून. आठवड्यातला एक दिवस असा असावा लागतो की बाप जागा आहे, मुलगा जागा आहे आणि दोघे एका ताटाशी बसले आहेत. पुण्याजवळच्या कारखान्यांच्या पट्ट्यात पुष्कळ ठिकाणी साप्ताहिक सुटी गुरुवारी असते. बापाला गुरुवारी सुटी, मुलांना रविवारी, आणि आई दुकानात कामाला असेल तर तिला सोमवारी. तिघांनाही सुटी आहे, पण घराला सुटी नाही! कायद्याच्या दृष्टीने सगळे ठीक. संसाराच्या दृष्टीने तीन पाहुणे एका छपराखाली राहतात.

आणि या घरात एक माणूस असा आहे की ज्याला सुटीचा वारच नाही. भगिनींनो, आपल्याला हे सांगायला नको. रविवारी पुरुष घरी असतो, म्हणून चहा दोनदा जास्त, मटण किंवा पुरणपोळी, आठवड्याचे धुणे, पाहुणे. म्हणजे पुरुषाची सुटी ती बाईची जादा पाळी. केंद्र सरकारच्या सांख्यिकी कार्यालयाने २०१९ साली देशभर एक पाहणी केली. लोक दिवसाचे चोवीस तास कशात घालवतात ते तीत नोंदवले. घरकाम करणाऱ्या बायकांचा रोजचा वेळ सरासरी २९९ मिनिटे भरला, म्हणजे जवळजवळ पाच तास. घरकामाला हात लावणाऱ्या पुरुषांचा वेळ ९७ मिनिटे. आणि मुळात हात लावणारे पुरुष शंभरात सव्वीस! या पाच तासांना पाळी नाही, हजेरी नाही, पगार नाही आणि खाडाही नाही.

आम्ही कामगारांच्या सभेत हे बोललो तेव्हा पाठीमागून एकजण म्हणाला, "साहेब, मालकाशी भांडायला आलो होतो, तुम्ही बायकोची बाजू घेता!" सभा हसली. आम्ही त्याला एवढेच विचारले, "मालक तुला सातही दिवस राबवील तर तू त्याला काय म्हणशील?" तो बसला. पुढच्या महिन्यात त्याची बायको कचेरीत आली होती. म्हणाली, "भाऊ, रविवारचा सकाळचा स्वयंपाक आता हे करतात. भात करपतो. पण करतात." आम्ही त्या करपलेल्या भाताला चळवळीचे यश समजतो.

दुसरा वाटेकरी मित्र. मैत्री ही श्रीमंतांची चैन आहे असा एक समज आहे. आमचा अनुभव उलट आहे. ज्याच्याजवळ बँकेत पैसा नाही त्याची ठेव मित्रांतच असते. मुलीच्या लग्नाला भिशीचा नंबर आधी सोडणारा कोण? मित्र. दवाखान्यात रात्री बाकावर झोपणारा, रक्त द्यायला धावणारा, गावाकडून निरोप आला की एस.टी. स्टँडवर सोडायला येणारा कोण? मित्र. मुंबईच्या गिरणगावात कोकणातले, घाटावरचे गडी एका गावाचे दहा-वीस जण मिळून एक खोली घेत. दिवसपाळीचे रात्री निजत, रात्रपाळीचे दिवसा. खानावळीत एकत्र जेवत. त्यांच्यापाशी जागा नव्हती, सामान नव्हते. पण एखादा आजारी पडला तर त्याला गावी पोचवायला चार माणसे होती. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा मोठा संप सुरू झाला आणि मग कित्येक गिरण्या कायमच्या बंद पडल्या. लोक नोकरी गेल्याचे दुःख सांगतात. आमच्या ओळखीच्या जुन्या कामगारांना त्याहून जास्त सलते ते खाते गेल्याचे. खाते म्हणजे ज्या विभागात बरोबर काम केले ती पन्नास माणसे. पगार दुसरीकडे मिळाला, ती माणसे पुन्हा मिळाली नाहीत.

मैत्रीला वेळ लागतो. ती मोबाईलवरच्या सकाळच्या फुलांच्या चित्रांनी टिकत नाही. टपरीवर अर्धा कप चहा घेऊन काही न बोलता बसण्यानेही ती टिकते. आणि एक कटू गोष्ट बोललीच पाहिजे. सुटीच्या आदल्या रात्री बाटली काढून बसणे म्हणजेच मैत्री, असे पुष्कळ तरुणांना वाटू लागले आहे. ज्या बैठकीतून उठल्यावर घरच्यांना भीती वाटते, ती बैठक मित्रांची नव्हे. मित्राचे पहिले काम म्हणजे तोंडाकडे पाहून ओळखणे. "गड्या, तुझा चेहरा का उतरलाय?" हा प्रश्न डॉक्टरच्या आधी मित्र विचारतो.

यातूनच तिसऱ्या वाटेकऱ्याकडे, म्हणजे शरीराकडे येतो. आपल्या मराठीत एक शब्दप्रयोग आहे, 'आजार अंगावर काढणे'. गरीब माणूस आजारी पडत नाही, तो आजार अंगावर काढतो. कारण दवाखाना म्हणजे खाडा, खाडा म्हणजे रोज बुडाला. सरकारी रुग्णालयातली बाह्यरुग्ण तपासणी सकाळी असते आणि रविवारी बंद असते. ज्या दिवशी कामगार मोकळा, त्या दिवशी डॉक्टर मोकळा. दोघांची गाठ पडत नाही. मग खोकला तीन महिने चालतो आणि छातीचा फोटो निघतो तेव्हा उशीर झालेला असतो.

कापसाच्या धुळीने फुप्फुसाला होणारा एक रोग आहे, बिसिनोसिस त्याचे नाव. त्याची सुरुवात ओळखण्याची खूण मोठी विलक्षण आहे. डॉक्टर विचारतात, "सुटीनंतरच्या पहिल्या दिवशी कामावर गेलास की छाती आवळल्यासारखी होते का?" म्हणजे एक दिवस धुळीपासून दूर राहिल्यावर शरीर मोकळे होते आणि परत धुळीत शिरताच तक्रार करते. ज्याला सुटीच नाही त्याच्या शरीराला तक्रार करायलाही सवड मिळत नाही.

रक्तदाबाचे तसेच. तो बहुधा दुखत नाही, खुपत नाही, म्हणून माणूस म्हणतो, "मला काय धाड भरली आहे?" १४० आणि ९० या आकड्यांच्या वर तो पुन्हा पुन्हा जात असेल तर धडधाकट दिसणाऱ्यानेही डॉक्टरांकडे गेले पाहिजे. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय श्रम संघटना यांनी २०२१ साली मिळून एक अभ्यास प्रसिद्ध केला. आठवड्याला ५५ तास किंवा अधिक काम करणाऱ्यांत, ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांच्या मानाने, पक्षाघाताचा धोका सुमारे ३५ टक्क्यांनी आणि हृदयविकाराने मरण्याचा धोका सुमारे १७ टक्क्यांनी जास्त आढळला. आमचा यंत्रमागवाला बारा तासांच्या सहा पाळ्या करतो. बारा सक बहात्तर. हिशेब आपणच करा.

यावर उपाय नाहीत असे नाही. १९४८ साली राज्य विमा योजनेचा कायदा झाला आणि २४ फेब्रुवारी १९५२ पासून ती योजना कानपूर व दिल्ली येथे सुरू झाली. आपण तिला 'ई.एस.आय.' म्हणतो. पगारातून कामगाराचे पाऊण टक्का आणि मालकाचे सव्वातीन टक्के जातात. आजारपणात वर्षाला ९१ दिवसांपर्यंत रोजाच्या ७० टक्के रक्कम मिळते. क्षयासारख्या दीर्घ आजारांना याहून जास्त मुदत आहे. तरी कित्येकांना हे ठाऊक नसते. कार्ड कपाटात साडीच्या घडीखाली आणि नवरा व्याजाने पैसे काढून खासगी दवाखान्यात, असे आम्ही अनेक घरांत पाहिले. आमच्या कचेरीत एक कांडीवाली बाई आली. नवऱ्याला क्षय. रोग कळू नये म्हणून तिने शेजारणीला 'गावी गेलेत' असे सांगितले होते. तो आत खोलीत खोकत होता. क्षयाचे औषध सरकारी दवाखान्यात फुकट मिळते, साधा क्षय सहा महिन्यांच्या नियमित उपचारांनी बरा होतो, रुग्णाच्या पोषणासाठी २०१८ पासून सरकार पैसेही देते. त्या बाईला औषधापेक्षा जास्त भीती होती ती शेजाऱ्यांच्या तोंडाची. तिच्या नवऱ्याच्या खात्यातले दोन मित्र सुटीच्या दिवशी तिच्या घरी जाऊन उघड्या दाराशी चहा पिऊन आले. गल्लीने ते पाहिले. दुसऱ्या दिवसापासून शेजारीण भाजी घेऊन येऊ लागली. औषधाने तो बरा झाला हे खरे. पण औषध पुरे होईपर्यंत त्याला घरात टिकवले ते त्या चहाने.

चौथा वाटेकरी समाज. वस्तीतली तालीम, वाचनालय, भजनी मंडळ, गणेशोत्सव, पाणीपट्टीची तक्रार, पतपेढीची सभा, या सगळ्यांना माणसे लागतात आणि माणसांना वेळ लागतो. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असावेत असे ठरवले. किती उत्तम तरतूद! परंतु सभा बुधवारी सकाळी अकरा वाजता. ज्याला खाडा परवडतो तोच पालक येतो. उरलेल्यांच्या घरी सहीचा कागद जातो. लोकशाहीला मतपेटीइतकीच मोकळ्या संध्याकाळची गरज आहे, असे आमचे मत आहे.

लोखंड्यांनी रविवार मिळवला आणि स्वतः त्याचे काय केले? ते विश्रांती घेत बसले नाहीत. १८९३ साली मुंबईत हिंदु-मुसलमानांचा दंगा झाला तेव्हा सलोख्यासाठी ते झटले. १८९६ साली प्लेग आला तेव्हा रोग्यांच्या सेवेला धावले आणि ९ फेब्रुवारी १८९७ रोजी प्लेगनेच गेले. त्यानंतर महिन्याभराने, १० मार्चला, सावित्रीबाई फुले पुण्यात त्याच सेवेत त्याच रोगाने गेल्या. दोघांनी मिळून एकच धडा दिला. शेजाऱ्याचा आजार हा आपल्या घरचा आजार आहे.

कोणी म्हणेल, "हे सगळे भरल्या पोटाचे बोलणे झाले. गरिबाला सुटी नको, जादा काम हवे." हा आक्षेप आम्ही हसण्यावारी नेत नाही. आमच्याकडेच कामगार येतात आणि म्हणतात, "रविवारी मशीन चालू ठेवायला सांगा." उचल घेतलेली असते, मुलाची फी असते. परंतु सहा दिवसांच्या पगारात घर चालत नाही म्हणून सातवा दिवस विकावा लागतो, याचा अर्थ पगार कमी आहे असा होतो. सुटी जास्त आहे असा नव्हे. सगळ्यांनी सातवा दिवस विकायला काढला की त्याचा भाव उतरतो आणि पुढे सात दिवसांचा पगार पूर्वीच्या सहा दिवसांएवढाच होतो. म्हणून कायद्याने आठवड्याला ४८ तासांची मर्यादा घातली आणि जादा कामाला दुप्पट दर ठरवला. २०२० च्या कामगार संहिता नोव्हेंबर २०२५ मध्ये अमलात आल्या. त्यांतही सहा दिवस काम आणि एक दिवस विश्रांती हे सूत्र कायम आहे. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने कायद्याने दुकान वर्षाचे ३६५ दिवस उघडे ठेवायला परवानगी दिली, पण माणसाला मात्र आठवड्यातून एक दिवस सलग चोवीस तासांची सुटी दिलीच पाहिजे असे सांगितले. दुकान थकत नाही, माणूस थकतो, एवढे तरी कायद्याला समजले!

कायदा आहे, मग अडते कुठे? पहारेकऱ्याला विचारा. बारा तासांची ड्युटी, आणि बदली माणूस आला नाही तर तेथेच पुढचे बारा तास. घरोघरी जेवण पोचवणाऱ्या तरुणाला विचारा. त्याला कोणी सुटी नाकारत नाही, पण रविवारी काम केले नाही तर आठवड्याचा जादा पैसा जातो. घरी बसून विड्या वळणाऱ्या बाईला विचारा. तिची मजुरी हजारावर. सुटी घेतली तर हजार कमी. यांच्या सुटीला दार उघडे आहे, पण उंबऱ्यावर भूक बसली आहे.

आणि आता थोडे आपल्याबद्दल. रागावू नये. मालकाला नावे ठेवणे सोपे असते. परंतु या मंडपातल्या पुष्कळ घरांत भांडी-धुण्याला बाई येते. त्या अर्थी आपणही मालक आहोत. २००८ साली महाराष्ट्रात घरकामगारांसाठी कल्याण मंडळाचा कायदा झाला. पण तिच्या आठवड्याच्या सुटीचा निर्णय आजही आपल्याच स्वयंपाकघरात होतो. ती चार घरी काम करते. तीन घरांनी रविवारी सुटी दिली आणि चौथ्याने दिली नाही, तर तिला रविवार मिळत नाही. म्हणून एका इमारतीतल्या घरांनी मिळून एकच वार ठरवला पाहिजे. पगार न कापता. १८९० साली गिरणीमालकांनाही हेच करावे लागले होते. एकट्या गिरणीने सुटी देऊन चालले नसते.

तेव्हा आमच्या तीनच विनंत्या आहेत. पहिली, आपल्या घरात, दुकानात, इमारतीच्या फाटकाशी काम करणाऱ्या माणसाचा सुटीचा वार कोणता, हे उद्या त्याला विचारा. उत्तर मिळाले नाही तर वार ठरवा. दुसरी, शाळेच्या, पतपेढीच्या, वस्तीच्या सभा ज्यांच्यासाठी आहेत त्यांना जमेल अशा वेळी घ्या. तिसरी पुरुषांना. येत्या सुटीच्या दिवशी सकाळचा चहा आणि स्वयंपाक आपण करा, आणि ज्या मित्राचा खोकला दोन आठवड्यांपेक्षा जास्त चालला आहे त्याचे नाव लिहून ठेवा. त्याला दवाखान्यात एकट्याने जायला धीर होत नाही. त्याच्याबरोबर जा. त्यासाठी एक सकाळ मोडावी लागली तरी मोडा.

लोखंड्यांनी आणि त्या साडेपाच हजार सह्या-अंगठ्यांनी आपल्याला आठवड्याचा एक दिवस दिला. तो आपल्यापुरता ठेवून घेतला तर ती नुसती झोप आहे. ज्याला अजून मिळाला नाही त्याच्यापर्यंत पोचवला तर तो सण आहे.